कोंबडीच्या माना आणि कंट्रोलची पट्टी

अन्याय झाला तो आमच्या इम्युनॉलॉजीच्या मॅडमवर. गेल्या हिवाळ्यात, शुक्रवारी, दुपारी सव्वादोन वाजता, नागपुरात रामदासपेठेतल्या आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मॅडम अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या, म्हणजे शिकवाल तेवढे तास तुमचे आणि सुटी लागली की तुम्ही कोण, आम्ही कोण. त्यांना दीड मिनिटात सांगण्यात आलं की पुढच्या सत्रात तुम्हाला तास नाहीत. कारण विचारलं तेव्हा प्राचार्यांनी टेबलावरचं एक पत्रक पुढे सरकवलं. "विद्यार्थ्यांचीच तक्रार आहे मॅडम. आमचा काय इलाज?"

पत्रक एका पानाचं होतं. खाली एक्केचाळीस सह्या. पहिली सही माझी, मजकूर माझा, झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी राहिले तीही मीच.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्या विद्यार्थी संघटनेत मी पत्रक लिहायला शिकले तिथला पहिला धडा असा होता: पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला आणि कधी ते सांगा, शेवटच्या ओळीत मागणी करा, मधे वाचणाऱ्याला झोपू देऊ नका. आताही तेच करणार आहे. फक्त मधला भाग लांबेल, कारण मधे मॅडम आहेत आणि त्या एका पानात मावत नाहीत.

मॅडम कोराडीहून बसने यायच्या. नवरा वीज केंद्रात, राहायला कॉलनीतलं क्वार्टर. प्रॅक्टिकलच्या दिवशी त्यांच्या मांडीवर जुन्या साडीच्या किनारीने बांधलेला थर्माकोलचा डबा असायचा. आत बर्फ आणि बर्फात कोंबडीच्या पंधरा-वीस माना. एकदा मी त्याच बसमध्ये होते. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मॅडम, आज डबा जड दिसून राहिला."

"बॅच मोठी आहे यंदा."

"आमच्या घरी मान कोणी खात नाही बाप्पा."

"आम्हीही नाही खात. आम्ही मोजतो."

कंडक्टर तिकीट हातात देऊन पुढच्या सीटकडे सरकला.

मान कशाला, ते सांगते. आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. लहानपणी चांगली मोठी, वय वाढलं की हळूहळू चरबी होत जाणारी. शरीरात शिरलेले जंतू ओळखणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. कोंबडीत हीच ग्रंथी मानेच्या दोन्ही बाजूंना, कातडीखाली, फिकट दाण्यांची माळ ओवल्यासारखी असते. चिकनवाला ती कातडीबरोबर ओरबाडून फेकतो. मॅडम चिमट्याने एकेक दाणा सोडवायच्या, चहाच्या स्टीलच्या गाळणीवर घासायच्या आणि खाली जे दुधाळ पाणी पडायचं ते उजेडात धरायच्या. त्यात कोवळ्या टी-पेशी, मोजता येणार नाहीत इतक्या. (मोजायला लावायच्याच.)

"यातल्या बहुतेक मरणार आहेत," त्या अगदी आनंदाने सांगायच्या. "पाहून घ्या एकदा."

प्रत्येक कोवळ्या टी-पेशीच्या अंगावर एक वेगळा पंजा असतो. तो कसा घडेल ते कोणी ठरवत नाही, जसा जमला तसा जमला. काहींचा पंजा कशालाच लागत नाही. त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि त्या मरतात. काहींचा पंजा आपल्याच शरीराला घट्ट बसतो. अशी पेशी बाहेर सुटली तर आपलेच सांधे, आपल्याच ग्रंथी कुरतडत बसेल, म्हणून तिलाही तिथेच मरायचा इशारा मिळतो. उरलेल्या थोड्याशा बाहेर पडतात. मरायची रीतही नेमकी. पेशी आपला डीएनए आपणच ठरावीक अंतरावर कापते, आपली लहान लहान गाठोडी बांधते आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात.

"न सूज, न पू, न बोंब," मॅडम म्हणायच्या. "आपल्याले पत्ताही लागत नाही. आता बसल्या बसल्या चालू आहे तुमच्या छातीत."

वर्गातली निम्मी पोरं छातीवर हात ठेवायची.

इथे मॅडमचा कायदा सांगायला हवा. या सगळ्या प्रकाराबद्दल बोलताना 'आत्महत्या', 'बलिदान', 'सैनिक', 'देशद्रोही', 'परीक्षा' आणि 'नापास' हे शब्द वापरायला बंदी होती. वापरला की दहा काचपट्ट्या धुवायच्या, साबणाने, मग डिस्टिल्ड वॉटरने, उजेडात धरून दाखवायच्या. प्रफुल्ल नावाचा माझा मित्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, म्हणजे या पेशी परीक्षेत नापास होऊन शरीरासाठी बलिदान देतात."

"तीस," मॅडम म्हणाल्या.

"पण पुस्तकात छापलं आहे मॅडम!"

"मंग पुस्तकवाल्याले घेऊन ये, त्यालेही लावते धुवायले. काहून गा, पेशीले कोणी हॉल तिकीट देते का? पेशीले मन नाही, देश नाही, बाप नाही. तिच्यापासून धडा नको घेऊ. तिले शिक."

आमच्या बॅचएवढ्या स्वच्छ काचपट्ट्या विदर्भात कोणाकडे नसतील.

पेशी मारायला औषध लागायचं, डेक्सामेथासोन. दम्याला, सुजेला देतात तेच इंजेक्शन. थायमसच्या कोवळ्या पेशी त्याने पटापट मरतात. ते आणायला मॅडम मला घेऊन धंतोलीत, दवाखान्यांच्या भागात गेल्या होत्या. तिथे मेडिकलच्या काउंटरवर अख्ख्या विदर्भातून आलेले नातेवाईक हातात कागद धरून उभे. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"कोंबडी."

"...वय?"

"चाळीस दिवस."

दुकानदाराने मग मान वर केली. मॅडमने अत्यंत गंभीरपणे कॉलेजचं पत्र पुढे केलं. मागची एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "बाई, माह्या बकरीले बी देईन का वं हे?"

एप्रनच्या वरच्या खिशात मॅडम दोन वस्तू बाळगायच्या: लाल पेन आणि अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र. यंत्र पेशी मोजायला होतं, पण हाताला सवय लागली होती. बस स्टॉपवरची माणसं, लग्नातली पानं, प्राचार्यांच्या भाषणातली 'त्या अनुषंगाने', सगळ्याला टकटक चालायचं. एकदा आमचा मोर्चा कॉलेजवरून गेला. दुसऱ्या दिवशी मी पत्रकात लिहिलं: 'हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले.' मॅडमने ते मागून घेतलं, लाल पेनने 'हजारो' खोडलं आणि वर लिहिलं: २१४.

"तुम्ही मोजले?"

"फाटकापाशी उभी होती. दोनशे चौदा. त्यात तीन चहावाले."

मला त्या पत्रक म्हणूनच हाक मारायच्या. "काहून वं पत्रक, आज कोणावर अन्याय झाला?" मला राग यायचा. पण प्रत्येक पत्रक छापायच्या आधी मी त्यांच्याकडे नेत होते, हेही खरं. तेवढं फुकटचं आणि तेवढं कडू संपादन नागपुरात दुसरं कोणी केलं नसतं. त्यांना मागण्यांबद्दल काही म्हणायचं नसायचं. मागणी पटो न पटो, त्या आकडा विचारायच्या, तारीख विचारायच्या आणि मग नेहमीचा प्रश्न: "कंट्रोल कुठी आहे?"

कंट्रोल म्हणजे काय, तेही एकदा सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. प्रयोगात दोन नळ्या घ्यायच्या. दोन्हींत त्याच माना, त्याच पेशी. एकीत औषध टाकायचं, दुसरीत नाही. ही दुसरी म्हणजे कंट्रोल. दोन्ही नळ्या पाच तास उबेत ठेवायच्या, मग पेशींमधला डीएनए काढून जेलच्या थरथरत्या लादीत सोडायचा आणि वीज लावायची. दिव्याखाली धरलं की औषधाच्या पट्टीत केशरी पायऱ्यांची शिडी दिसते. पेशीने मरताना डीएनए ठरावीक अंतरावर कापलेला असतो, त्या तुकड्यांच्या या पायऱ्या. कंट्रोलच्या पट्टीत वर एकच जाड रेघ हवी. औषधाने काय केलं, हे कंट्रोलशेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. औषधाच्या बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

आता त्या सोमवारकडे येते.

अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षा होती. आमच्या गटात सहा जण. दहाला नळ्या उबेत ठेवल्या, तीनला काढायच्या होत्या. बाराला मी बाकीच्या पाचांना घेऊन मोर्च्याला गेले. मोर्चा शुल्कवाढीविरुद्ध होता आणि आजही म्हणेन की जाणं बरोबर होतं. पण तो लांबला. मग सगळ्यांना भूक लागली, मग तर्री-पोहे झाले, मग पोह्यांवर चहा. परतलो तेव्हा साडेसहा झाले होते. मॅडम दुसऱ्या गटाचं आटोपून कोराडीच्या बसला गेल्या होत्या.

प्रफुल्लने कंट्रोलच्या नळीतला एक थेंब निळा रंग मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मेलेली पेशी निळा रंग आत घेते. त्याने दुसरा थेंब ठेवला, तोही पाहिला.

"अबे, अर्ध्याहून जास्त निळ्या हायेत."

"कंट्रोलमध्ये?"

"कंट्रोलमध्ये. औषध न देता मेल्या भैताडणी."

साडेआठ तास उबेत राहिल्यावर दुसरं काय होणार? कंट्रोलमध्ये शिडी आली असती, औषधाच्या पट्टीसारखीच. दोन शिड्या शेजारी शेजारी आणि प्रयोग पाण्यात. तेव्हा आम्ही जे केलं ते फक्त आमच्याच विषयाची पोरं करू शकतात. कोंबडीच्या लाल रक्तपेशीत केंद्रक असतं, माणसाच्या नसतं. म्हणजे कोंबडीच्या रक्तात भरपूर डीएनए. आणि मानांच्या डब्यात बर्फाखाली रक्त साचलेलंच होतं. आम्ही कंट्रोलची नळी बेसिनमध्ये ओतली आणि तिच्या जागी रक्त घेतलं. कल्पना प्रफुल्लची होती, ओतली मी.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मॅडमने आमची लादी दिव्यावर धरली. औषधाच्या पट्टीत सुरेख शिडी. कंट्रोलमध्ये वर एकच जाड रेघ, खाली पट्टी कोरी करकरीत. पुस्तकातल्या फोटोपेक्षा सुंदर. आम्ही शाबासकीच्या तयारीत.

मॅडमने वाकून कंट्रोलची पट्टी पाहिली. मग म्हणाल्या, "एकही नाही मेली?"

"नाही मॅडम," मी म्हणाले.

"काल सकाळी मान कापली. पाच तास उबेत होत्या. आणि थायमसमधली एकही नाही मेली?"

"चांगली काळजी घेतली मॅडम," प्रफुल्ल म्हणाला.

"अकरा वर्षांत माह्या हातूनही असा कंट्रोल नाही आला, गा. थायमसच्या पेशी कोणी न मारताही मरतात. कंट्रोलमध्ये पुसट शिडी येतेच येते. ती येत नाही तर हे थायमस नव्हे." त्यांनी लादी खाली ठेवली. डब्याकडे पाहिलं, बर्फाखालच्या लालसर पाण्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सहा नावांपुढे सहा शून्यं लिहिली.

'मॅडम, मोर्चा लांबला, नळ्या उशिरा काढल्या' एवढं एक वाक्य वहीत लिहिलं असतं तर? हे मी त्यांना फार उशिरा विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्ण गुण दिले असते.

पण त्या मंगळवारी मला फक्त शून्य दिसलं. सहा जणांचं सत्र धोक्यात! दुपारी पत्रक तयार. 'मंगळवारी सकाळी ११.४० वाजता सहा विद्यार्थ्यांना सुनावणी न घेता शून्य गुण देण्यात आले. मोर्च्यात सहभागी झाल्याची ही शिक्षा आहे काय?' प्रश्नचिन्हावर मी स्वतःच खूश होते. प्रश्न म्हणून टाकलं की ते विधान नसतं, हेही संघटनेत शिकवतात. बुधवारी कँटीनमध्ये सह्या झाल्या. पेन माझंच होतं, हातोहात फिरलं. अर्ध्यांनी वाचलंही नाही, समोशाची वाट पाहता पाहता सही ठोकली. गुरुवारी पत्रक प्राचार्यांकडे गेलं आणि त्यांना ते हवंच होतं. मॅडमचा डबा स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये राहायचा. त्यावर लाल अक्षरात 'खाऊ नये' लिहिलेलं असायचं, आणि नेमकं तेवढ्यासाठीच एका सरांनी तो एकदा उघडला होता. तेव्हापासून तक्रारी चालूच होत्या, कागद तेवढा मिळत नव्हता. तो मी दिला.

शुक्रवारी सव्वादोनचं तुम्हाला माहीत आहे. अडीचला मॅडम फाटकापाशी भेटल्या, एका हातात रिकामा थर्माकोलचा डबा.

"पत्रक," त्यांनी हाक मारली आणि पत्रकाची घडी केलेली झेरॉक्स माझ्या हातात दिली. "दोन चुका आहेत शुद्धलेखनाच्या."

आणि बस गाठायला निघून गेल्या.

मी घडी उघडली. दोन चुका दुरुस्त केलेल्या होत्या. 'सुनावणी न घेता' या शब्दांखाली बरोबरची खूण होती आणि बाजूला: 'खरं आहे. मी विचारायला पाहिजे होतं.' आणि अगदी खाली, एक्केचाळिसाव्या सहीच्याही खाली, लाल अक्षरात: 'कंट्रोल कुठे आहे?'

आठवडाभरात आमच्या शून्यांचे पास झाले. आम्ही विजयी सभा घेतली. भाषण मी केलं. मोजायला कोणी नव्हतं, म्हणून 'शेकडो' लिहिलं.

त्यानंतर बरेच महिने मी स्वतःला सांगत होते की त्या पत्रकातली एकही ओळ खोटी नव्हती. नव्हतीच. वेळ बरोबर, संख्या बरोबर, सुनावणीचंही बरोबर. फक्त बेसिनमध्ये काय ओतलं, ते त्यात नव्हतं.

मे महिन्यात कोराडीला गेले. मॅडम दोरीवरचे कपडे झटकत होत्या. वीज केंद्राची राख बसते म्हणून तिथे वाळलेले कपडे पुन्हा एकदा झटकावे लागतात. मला पाहून म्हणाल्या, "ये वं. मानेचा रस्सा केला आहे. चिकनवाला अजूनही माना काढून ठेवते. त्याले नाही म्हणवत नाही."

"तुम्ही तर खात नव्हता."

"मोजायले कोणी नाही तं खाऊन राहिलो सारे."

मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी भाषण करते. म्हणाले, "मॅडम, मीच ती पेशी. आपल्याच माणसावर पंजा मारणारी. मला तुम्ही तिथेच नापास करून..."

"दहा," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"'नापास' म्हणाली. काचपट्ट्या नाहीत घरी. भांडी आहेत."

मी भांडी घासली. त्या शेजारी उभ्या राहून एकेक ताट उजेडात धरून पाहत होत्या, दोन परत घासायला लावली. बऱ्याच वेळाने मी विचारलं, या वेळी शब्द जपून, "मॅडम, थायमसमधून काही निसटतच असतील ना? आपल्यालाच धरणाऱ्या?"

"निसटतात. बम निसटतात, ढिगानं."

"मग?"

"बाहेर दुसऱ्या पेशी असतात आवरायले. त्यायनं आवरलं तं ठीक. नाही तं आजार." त्यांनी ताट पुसून ठेवलं. "पेशीबद्दल सांगून राहिली मी. तू आपलं काही लावू नको त्याले."

मी माफीचा विषय काढला तर म्हणाल्या, "माफी कायले? पूर्ण लिहून दे. दुसरी पट्टी टाक त्यात."

तुमच्या हातातला हा कागद म्हणजे ती दुसरी पट्टी. शिडी आहे तिच्यात, आणि तीही पुसट नाही, ठळक.

आता कामाचं. नव्या सत्राच्या तासिकांची यादी येत्या सोमवारी नक्की होणार आहे. विभागप्रमुखांनी मला स्पष्ट सांगितलं आहे की तक्रार ज्यांनी केली त्यांनी लेखी मागे घेतली तरच मॅडमचं नाव यादीत जाऊ शकतं. सोमवारनंतर नाही. नव्या बॅचला सध्या हा प्रयोग व्हिडिओवर दाखवतात. मी पाहिला. त्यातली कंट्रोलची पट्टी अगदी कोरी करकरीत आहे आणि त्याबद्दल वर्गात कोणी काही विचारत नाही.

माझी सही मी खोडून आले आहे. प्रफुल्लनेही खोडली. उरल्या एकोणचाळीस. मॅडम मोजणार आहेत, म्हणून 'बरेच जण' चालणार नाही. तुम्ही त्या एकोणचाळिसांपैकी असाल तर हा कागद घडी करून खिशात ठेवू नका. सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी प्राचार्यांच्या केबिनबाहेर या, तुमचं नाव शोधा आणि आपल्या हाताने खोडा. आणि मागच्या वेळी सगळ्यांनी माझ्याच पेनने सही केली होती. या वेळी पेन आपलं आणा.